आक्का माझी कोणी नव्हती

मालकीणबाईंनी तांब्या हातभर वर धरला आणि म्हणाल्या, "कर ओंजळ."

आक्का मोरीजवळ उकिडवी बसली होती. मंठ्याकडच्या आमच्या खेड्यातून सकाळच्या एसटीनं ती जालन्याला आली होती. चैत्राचं ऊन. पाणी वरून पडलं. निम्मं ओंजळीत, निम्मं कोपरावरून लुगड्यावर. ती प्याली. मी चार हातांवर उभा होतो. इस्त्रीचा शर्ट घालून.

पाणी देण्याआधी बाईंनी मला विचारलं होतं, "सर, ही कोण हो तुमची?"

"कोणी नाही. गावाकडं आमच्या शेतात कामाला असते."

"तिकडची का? वस्तीवरची?"

"हो. तिकडची."

आमचं शेत! आमच्याकडं वीतभर जमीन नव्हती. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आक्का चौदाची. लोकांच्या रानात कापूस वेचून तिनं मला मास्तर केलं. ती ज्या वस्तीवरची, त्याच वस्तीवरचा मी. एकाच आईच्या पोटचे.

आक्कानं सगळं ऐकलं. पदरानं तोंड पुसलं, उठली. भाकरीचं फडकं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, तुमच्या घरून धाडलंय. येते मी. मंठ्याची गाडी भेटली पाह्यजे."

माझं खोटं तिनं तिथल्या तिथं उचलून धरलं.

ती बसली होती त्या जागेवर बाईंनी पाणी शिंपडलं. "सर, ते खाऊ नका बरं," असंही म्हणाल्या. मी फडकं सोडलं आणि भाकरी शेजारच्या गाईपुढं टाकली. कोणी माझा हात धरून टाकायला लावली नव्हती.

का केलं, तेही सांगतो. नोकरी लागली तेव्हा मला जालन्यात खोली मिळेना. लोक आडनाव विचारायचे आणि खोली कालच गेली म्हणायचे. मी गावाच्या नावावरून नवं आडनाव लावलं. खोली लगेच मिळाली. आमचं घर धर्मांतरापासून बौद्ध. रोज संध्याकाळी मी दार लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचो, ओठांतल्या ओठांत. भिंतीपलीकडं ऐकू गेलं तर खोली जायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी कुजबुजत घ्यायचो. असला शीलवान माणूस मी.

आक्का पुन्हा त्या खोलीवर आली नाही. पुढं मी घर बांधलं, तिथंही नाही. मी गावी गेलो की म्हणायची, "आले का सर?" तिची पोरं हसायची. मामाचा किती मान ठेवते आई! टोमणा होता की सवय, मी विचारलं नाही. छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. माझी झोप उडाली. लेकीनं जालन्याबाहेरच्या एका विपश्यना शिबिरात नाव घातलं. दहा दिवसांचं. पहाटे शील घ्यायचं, दिवसभर डोळे मिटून बसायचं, बोलायचं नाही. त्याला आर्यमौन म्हणतात. बाकीच्यांना जड गेलं. मला पन्नास वर्षांचा सराव होता.

नवव्या दिवशी आचार्यांकडं गेलो. त्यांच्याशी तेवढं बोलायची मुभा असते. म्हणालो, माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ते हसले. "गोष्टीत शिरू नका. अपराधीपण ही एक संवेदना आहे. येते, जाते. स्वतःला क्षमा करा." दोन मिनिटं झाली. माझ्या मागं रांग होती.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. छाती हलकी झाली. रात्री झोप लागली. त्या झोपेची आता किळस येते.

दहाव्या दिवशी सगळ्या प्राणिमात्रांना मैत्री देऊन झाली, म्हणजे मनोमन सगळ्यांचं भलं चिंतून झालं, आणि मौन सुटलं. जेवणाच्या शेडमध्ये एक पांढरा कुडता माझ्यापुढं आला.

"सर? तुम्हीच ना?"

मालकीणबाईंचा मुलगा. तेव्हा कॉलेजात होता, आता निवृत्त इंजिनियर. हे त्याचं सातवं शिबिर, हे त्यानं आधी सांगितलं. भोवती पाच-सहा साधक ताटं घेऊन उभे होते.

"आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची," तो म्हणाला. "भाडेकरू असावा तर सरांसारखा. अगदी आपल्यातला." मग बाकीच्यांकडं वळला. "आमच्या घरात जातपात बिलकुल नव्हती. इथंही सगळे सारखेच. काही लोकांनी मात्र बुद्धालाही जातीत ओढलं. नुसते मोर्चे, नुसत्या घोषणा. करुणा राहिली बाजूला. काय सर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा दिवसांची ताजी करुणा चेहऱ्यावर होती. माझीही मान सवयीनं हलायला लागली. निम्मी हलली. मग मी ती थांबवली.

"तुमच्या आईनं एका बाईला मोरीपाशी ओंजळीनं पाणी पाजलं होतं. आतून तांब्या तुम्हीच आणून दिलता."

"असेल हो. तेव्हा पद्धतच होती तशी."

"ती माझी बहीण होती. सख्खी."

त्यानं ताटातल्या खिचडीकडं बघितलं. "अहो, पण तुम्ही सांगायचं ना! आम्हाला काय माहीत?"

"सांगितलं असतं तर संध्याकाळी माझी ट्रंक रस्त्यावर असती."

त्यानं ताट खाली ठेवलं. डोळे मिटले, हात जोडले. "सर, मी तुम्हाला मैत्री देतो."

"ठेवा तुमच्यापाशीच," मी म्हणालो. "मला न्हाई पाह्यजे."

मौन सुटून तासही झाला नव्हता आणि सगळे पुन्हा मौनात गेले. सोयीचं मौन. मला चांगलं ओळखू येतं ते.

त्या माणसाला काय बोलायचं? उशीवर बसून डोळे मिटायचे आणि जगातल्या सगळ्या जिवांवर प्रेम करायचं. शेजारच्या जिवाला आडनाव मात्र विचारायचं. असली करुणा कोणालाही जमते. पण त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून माझी थुंकी त्याच्यापेक्षा जास्त माझ्याच तोंडावर आहे. आणि आक्का कधी डोळे मिटून पाच मिनिटं बसली नाही. भावानं तोंडावर नाकारलं तेव्हा तिनं एकच बघितलं, त्याची खोली जाऊ नये. त्या करुणेच्या आडोशाला मी पन्नास वर्षं लपलो आणि लोकांनी मला सत्शील शिक्षक म्हटलं. मी म्हणू दिलं.

येत्या पौर्णिमेला गावच्या विहारात उभा राहणार आहे. आक्काची पोरं, सुना, नातवंडं समोर असतील. शब्दन्शब्द सांगणार. भाचा अंगावर आला तर येऊ दे. माफी मागणार नाही. माफी मागितली की आपली माणसं ती देऊन टाकतात आणि आपण मोकळे होतो.

मला मोकळं व्हायचं नाही.