रविवारी न लागणारा दिवा

आधीच सांगून टाकतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो, करमणूक म्हणून. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, वडील आयुष्यभर शाळामास्तर, आणि लिंबू आमच्याकडे फक्त सरबताला लागतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

मी आदिलाबादला मावला भागात राहतो. हवामानाची यंत्रं तपासायची ही माझी नोकरी. तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, एका गावाजवळ (नाव मुद्दाम लिहीत नाही) रस्ता उतरतो, नाल्यावर पूल आहे, आणि थंडीत तिथे असं धुकं साचतं की समोरची लॉरी अंगावर आल्यावरच दिसते. म्हणून पुलाच्या अलीकडे खांबावर आमचा सेन्सर बसवलाय. दोन हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक काचेचा डोळा. एक डोळा उजेड सोडतो, दुसरा हवेतल्या थेंबांवरून विखुरलेला उजेड पकडतो. उजेड जास्त पकडला गेला की यंत्र समजतं धुकं आहे, आणि रस्त्याकडेचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागतो. मध्ये कुणाचा हात आला तरी त्याला धुकंच वाटतं... शेवटी मशीनच ते.

डिसेंबरात तक्रार आली. आभाळ स्वच्छ असताना दिवा रोज सकाळी लागतो. साहेबांनी फोनवर सांगितलं, "चेक करो. फेल है तो साइन करके उतार लाओ." बदली सेन्सर आमच्याकडे नव्हता. म्हणजे मी फेल लिहिलं की पुलावरचा दिवा अख्खी थंडी बंद. मनात हेच घोळत होतं, त्या पुलावर धुक्यात काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

ती जागा मला चांगली माहीत होती. दोन वर्षांपूर्वी मीच खांबाभोवती जाळी बसवून कुलूप घातलं होतं. कारण गंगाबाई. गावातली साठीची बाई, शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. रोज सकाळी खांबाजवळ उभी राहून पदरानं सेन्सरचे डोळे पुसायची. मी एकदा रंगेहाथ पकडलं. चांगलंच झापलं होतं मी तिला.

"मावशी, ओरखडे पडतात काचेवर! आणि तुमच्या हातामुळं दिवा उगाच लागतो."

"दोनच मिंटं लावतो बाबू. त्याले बी डोये हायेत, तोंड धुवा लागते का नाही?"

असं म्हणत ती हसली होती, पण बघत होती रस्त्याकडे. काऊन म्हणून मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात माणसाच्या डोक्यापेक्षा उंच जाळी उभी केली आणि किल्ली माझ्या बॅगेत टाकली. काम नीट केल्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

तर या खेपेला सोमवारी दुपारी पोचलो. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत गुडघाभर गवत. आठ महिन्यांत तिथे आमचं कुणी फिरकलेलं नव्हतं, पण काचा लख्ख! एक कोळ्याचं जाळं नाही. तेव्हा बरंच वाटलं, काम वाचलं म्हणून.

तपासणी दोन टप्प्यांची असते. आधी दोन्ही डोळ्यांवर काळ्या टोप्या घालायच्या. मग पकडलेला उजेड शून्य दिसलाच पाहिजे, आंधळ्याला काय दिसणार? त्यानंतर टोप्या काढून मधोमध एक दुधी काचेची पाटी टांगायची. तिच्यावर लिहिलेला आकडा लॅपटॉपवर आला की पास. ती पाटी मी लेकरासारखी फडक्यात गुंडाळून नेतो. सोमवारी दोन्ही आकडे तंतोतंत आले.

मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो. जाळीचं दार आतून लावून घेतलं. मला संशय होता उन्हाचा. ठरावीक वेळी तिरपं ऊन डोळ्यात शिरतं, असं होतं कधी कधी. म्हणून टोप्या घातल्या. शून्य. आठ पंचेचाळीस, शून्य. आठ पन्नासला आकडा उसळला... लॅपटॉपवर दृश्यता तीस मीटर, आणि रस्त्यावर दिवा लागला.

मी टोप्या दाबून पाहिल्या. घट्ट होत्या. केबल हलवली. काही फरक नाही. चार मिनिटं हे चाललं, मग आकडा आपोआप शून्यावर. जाळीच्या आत मी एकटा. 

टोप्या घालून जे यंत्र धुकं दाखवतं ते नियमाप्रमाणे फेल. फॉर्मवर फेल लिहिलं, फक्त सही बाकी ठेवली आणि पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरी रेखा चालवते, गंगाबाईची सून. चहा होईपर्यंत मी सेन्सरची जुनी नोंद उघडली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज आठ पन्नासची उसळी होती. ती गंगाबाईची, उघड आहे. जाळी बसल्याच्या दिवसापासून बंद. आणि या श्रावणापासून पुन्हा सुरू, रोज. फक्त रविवारी नाही. दसऱ्याच्या सुट्टीत सलग नाही. सप्टेंबरात मधेच एका बुधवारी नाही.

मी वेड्यासारखा त्या बुधवारकडे बघत बसलो. उन्हाला रविवार कळत नाही. बिघडलेल्या तारेला दसरा नसतो!

"रेखाताई, सप्टेंबरात एका बुधवारी इथं काय झालं होतं?"

"काय होईन दादा? पाणीच पाणी होतं. कलेक्टरनं शाळेले सुट्टी देल्ली होती."

कप तसाच राहिला हातात. म्हटलं, "तुमच्या सासूबाई आता जाळीवर चढून हात घालतात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

रेखानं माझ्याकडे बघितलं. "तुमाले मालूम नाही? सासू श्रावणातच गेली."

मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"शाळा त्या बाजूले, गाव या बाजूले. पंधरा-वीस लेकरं रोज रस्ता पार करतात. लॉरीवाले उतारानं कोनाले आयकत नाहीत. सासूले समजलं का डोयात हात घातला का दिवा लागते, अन दिवा लागला का लॉरी हळू होते. मंग ते रोज हात घाले, लेकरं पार होत. तुमी जाळी बसोली, मंग काय करन? सोता मधात उभी राहे, हात वर करून. दीड वर्स राह्यली. श्रावणात एका लॉरीचा ब्रेक नाही लागला. लेकरं पार झाली होती दादा... तेच राह्यली."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुमी इचारलं होतं का?"

ती रागानं बोलली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.  किल्ली बॅगेतच होती, दोन वर्षं तिथेच होती, आणि मला तिथेच बसून रडू आलं. लाज वाटली नाही त्याची.

बुधवारी सकाळी पुन्हा टोप्या घातल्या, लॅपटॉप मिटला आणि बाहेरून कुलूप लावून रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आदल्या दिवशी मी नुसते आकडे पाहिले होते, रस्ता पाहिलाच नव्हता. या बाजूला लेकरं दप्तरं घेऊन रांगेत, कुणी ओरडत नाही, सगळ्यांची नजर दिव्यावर. वरून कापसानं भरलेली लॉरी उतारावर येत होती. आठ पन्नासला दिवा लागला. लॉरी करकरत हळू झाली, थांबली. लेकरं दोन-दोनच्या जोडीनं पार गेली. शेवटची जोडी शाळेच्या बाजूला पोचली आणि दिवा विझला. कुलूपबंद जाळीत खांबाजवळ कुणी नव्हतं. मी डोळे फाडून बघितलं, कुणी नव्हतं.

फेलचा फॉर्म फाडला. नव्यावर सोमवारच्या दोन्ही तपासण्यांचे आकडे लिहिले, पास लिहिलं, सही केली. नोकरीत पहिल्यांदाच मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. टोप्या काढल्या, कुलूप काढून खिशात घातलं आणि जाळीचं दार सताड उघडं ठेवलं. कुणाला उद्देशून ते माहीत नाही, पण "मावशी, चुकलं माझं" असं मोठ्यानं म्हणालो. आमच्या वडिलांनी ऐकलं असतं तर!

गुरुवारी नऊच्या सुमारास रेखाचा फोन आला.

"दादा, आज दिवा लागलाच नाही."

मी घाईनं विचारलं, "मग लेकरं?"

"थांबली होती रांगेत. लॉरी येऊन राह्यली होती. दार उघडं दिसलं, मंग म्याच आत गेलो अन हात घातला. लागला."

तेव्हापासून ती रोज जाते. रीतसर गतिरोधक आणि पट्टे मिळावेत म्हणून मी अर्ज दिलाय, तो मंडल ऑफिसात कुठल्या तरी टेबलावर आहे. साहेबांना काही सांगितलेलं नाही.

सेन्सरची नोंद मी इथून घरी बसून बघू शकतो, आणि हल्ली रोज बघतो. आठ पन्नासची उसळी येते. रविवारी येत नाही. दार उघडल्यापासूनचे हात रेखाचे आहेत, एवढं मला माहीत आहे. त्याआधीचे चार महिने, बंद जाळीच्या आत, माझ्याच कुलपामागे कुणाचा हात होता, त्याचा शेरा अजून कोराच आहे.