बंद खिडक्यांच्या आतला धूर

सहा वर्षं मी हे सांगायचं टाळत आलो. नात आजारी कशी पडली, असं कुणी विचारलं की मी खिडकीबाहेर बोट दाखवायचो.

सई तेव्हा तीन वर्षांची होती. घाटकोपरच्या डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासली आणि म्हणाल्या, "व्हीझिंग आहे." व्हीझिंग म्हणजे श्वास सोडताना छातीत वाजणारी शिट्टी. "अस्थमा, म्हणजे दमा. श्वासनळ्या सुजून अरुंद होतात. तुमच्याकडे धूळ फार. खिडक्या बंद ठेवा."

आमच्या इमारतीमागे काँक्रीट मिसळायचा प्लांट होता. वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत करडे व्हायचे. मुलगा आणि सून मनीषा सकाळीच कामावर जात. मनीषा मुलुंडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. माझी बायको गेल्यापासून सईला मीच सांभाळायचो. खिडक्या लावायचो, फटींत ओली फडकी कोंबायचो.

आणि आंघोळ झाली की तिला धुरी द्यायचो. कोकणात आमच्या घरी प्रत्येक पोराला दिलेली. गॅसवर नारळाची करवंटी पेटवायची, धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ओवा नि लसणीच्या साली टाकायच्या आणि त्या धुरावर मूल धरायचं. सई खोकायची. मला वाटायचं, कफ सुटतोय.

मनीषाने बजावलं होतं, "बाबा, ते धुरीचं काही नको हां." म्हणून ती यायच्या आत मी धुपाटणं घासून ठेवायचो.

पंधरा दिवसांत सईला ॲडमिट करावं लागलं. ओठ निळसर पडले होते. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावला. नेब्युलायझर म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं यंत्र. सई मास्क ओढून काढायची आणि माझ्याकडे हात पसरायची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं? उदबत्ती, धूप, धुरी?"

"नाही," मनीषा म्हणाली. तिला माहीत नव्हतं. मीही नाही म्हणालो. बाईंनी औषध वाढवलं.

संध्याकाळी सिस्टर सईचे केस बांधत होत्या. "आजोबा, पोरीच्या केसांना धुराचा वास येतोय हो."

"बाहेरचा," मी म्हणालो. "त्या प्लांटने वाट लावलीय आमची."

प्लांटमधून धूळ यायची. धूर नाही.

वॉर्डबाहेरच्या बाकावर मनीषा मुलाला म्हणाली, "निघायच्या घाईत खिडकी उघडी राहिली असेल रे माझ्याकडून. मी नोकरी सोडते." मी शेजारीच बसलो होतो. पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

तिने नोकरी सोडली. मी धुरी सोडली. सई हळूहळू सावरली. दम्याच्या औषधाचा पंप मात्र राहिला, कारण धूळ राहिलीच. नातेवाईक म्हणायचे, "बघ, आई घरात असली की कसा फरक पडतो!" मनीषा खाली मान घालून ऐकायची.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर बाहेरच्या हवेसाठी जरूर भांडा. पण डॉक्टर घरातलं विचारतील तेव्हा खरं सांगा. आपली लाज मुलाच्या छातीपेक्षा मोठी नसते. मला ती मोठी वाटली.

गेल्या रविवारी मनीषा बाल्कनीत कपडे झटकत होती. घरात आम्ही दोघंच होतो. मी उठून दारापर्यंत गेलो.

"मनीषा, एक सांगायचं होतं."

तिने हातातला फ्रॉक खाली केला. "बोला ना, बाबा."

ती थांबून राहिली.

"दार लावून घे गं," मी म्हणालो. "धूळ येतेय."