उपरण्याखालचा पगार

चहा आधी घशाखाली उतरू द्या, मग सांगतो. मागे हाच किस्सा सांगताना शेजारच्या तात्यांना असा ठसका लागला, की त्यांची पाठ चोळता चोळता माझाच हात दुखायला लागला! गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण हा सगळ्यांचा बाप. आणि गंमत म्हणजे, तो करताना मला वाटत होतं, आपल्याइतका हुशार माणूस उभ्या मावळात नाही!

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. जर्मनी-जपानची खेळणी यायची बंद झाली आणि लोणावळ्यात खेळण्यांचा एक मोठा कारखाना जोरात चालू लागला. लाकडी घोडे, आगगाड्या, बाहुल्या, भोवरे! पार मुंबईपर्यंत माल जायचा. तिथे खरेदी खात्यात माणूस हवा, अशी खबर आमच्या वडगावात आली आणि मी अर्ज ठोकला. वय वीस, सातवीची फायनल पास, अक्षर वळणदार. नोकरी मला लागायलाच हवी होती. का? तर आमचे नानामामा!

मामा बैलबाजारातले दलाल. चाकणच्या बाजारात त्यांचा केवढा दबदबा! त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून धंदा भाच्याने, म्हणजे मी चालवायचा, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. दर शनिवारी मला बाजारात न्यायचे, सगळ्या रीती शिकवायचे. आणि मी? हसू नका हं, मी बैलांना भितो! लहानपणी एका खोंडाने मला उचलून उकिरड्यात भिरकावलं होतं. तेव्हापासून बैल नुसता फुरफुरला तरी मी गाडीखाली शिरतो.

"शेवटचं सांगतो, सदा," मामा म्हणाले. "लोनावळ्याची नोकरी लागली, तर तू तुज्या वाटंनं जा. न्हाई लागली, तर शनिवारी बाजार, अन् मंग जल्मभर बाजार. हाय कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. इकडे नोकरी, तिकडे शिंगं! दुसरं काय म्हणणार?

मुलाखतीला मामा बरोबर आले. मला धीर द्यायला नव्हे, मी परस्पर पळून जाऊ नये म्हणून! स्वतःचं ठेवणीतलं उपरणं त्यांनी माझ्या खांद्यावर टाकलं आणि फाटकाबाहेर आंब्याखाली विडी पेटवून बसले.

आत बाकावर आम्ही सात-आठ उमेदवार. जो बाहेर येईल त्याच्यावर सगळ्यांची झडप!

"काय विचारलं हो?"

"विचारलं कुठे? भोवरा फिरवायला लावला!"

दुसरा आला तो घाम पुसतच. "मला लाकडी घोड्यावर बसवलं आणि कुठे टोचतंय ते विचारलं. दोन पोरांचा बाप आहे हो मी!"

मग पुण्याचा एक कोटवाला आत गेला. काय त्याचा रुबाब! प्रशस्तिपत्रांची गुंडाळीच होती काखेत. पण बाहेर आला तो चेहरा पाडून.

"झालं का काम?" मी विचारलं.

"कसलं काम! सगळी उत्तरं बरोबर दिली, पण साहेबांनी हात पुढे केला नाही. शिपाई म्हणतो, शेवटी ज्याच्यापुढे साहेब हात करतील, त्याचं काम झालं समजा."

मी कान टवकारले. शेवटी हात पुढे करतात? अहो, ही तर आमच्या बाजारातली रीत! बैलाचा भाव तिथे कुणी तोंडाने बोलत नाही. दोघे उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे दहा रुपये. जितकी बोटं धरली तितका भाव, आणि पटला नाही तर समोरचा बोट सोडवून घेतो. एकदा का उपरणं उचललं, की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरवायचा नाही.

तुम्ही म्हणाल, शेकहँड ठाऊक नव्हता का? होता ना! पण तो गोरे लोक करतात, एवढंच ऐकलेलं. आणि आत जाऊन बघतो तर साहेबांच्या डोक्यावर काळी टोपी, कपाळाला गंध, पायात पुणेरी जोडा! ते चार वर्षं जर्मनीत राहून हा धंदा शिकून आलेत, हे मला कोण सांगणार?

साहेबांनी नाव-गाव विचारलं आणि टेबलावर एक खेळणं ठेवलं. काय असेल? बैल!

मी खुर्ची मागे सरकवली, खोटं कशाला बोलू! मग ध्यानात आलं, हा लाकडाचा आहे, हा मारणार नाही.

"आमचे घोडे खपतात, पण हा काही खपत नाही," साहेब म्हणाले. "बघा बरं, काय वाटतं?"

मी त्याला चक्क शेपटीला धरून उचललं! काय सांगू तो आनंद! इतक्या वर्षांची भीती एका दमात उतरली आणि मामा बाजारात काढतात तशी मी त्याची एकेक खोट काढायला लागलो. भाषासुद्धा मामांचीच तोंडात आली.

"ह्यो बैल व्हय? वशिंड बगा, पार कमरंवर गेलंय! शिंगं म्हशीची लावलीत. मागचं पाय खांबावानी सरळ, ह्यो घाट कसा चडंल? अन् डोळं? डोळं तर बाहुलीचं हायेत, पापण्यांसकट!"

शेजारी बसलेला कारकून खुदकन हसला. साहेबांनी बैल हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"शाबास! इतक्या माणसांना दाखवला, पण हे कुणी सांगितलं नाही!" असं म्हणून साहेब उठले आणि त्यांनी चक्क हात पुढे केला!

आलीच की वेळ! मी खांद्यावरचं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं, खाली हात घातला आणि गच्च चार बोटं धरली. महिना चाळीस!

साहेब दचकले. त्यांनी हात मागे ओढला, तसं एक बोट निसटलं. तीस! अस्सं? घासाघीस करतोय काय? मी मामांसारखी मान हलवली. "न्हाई जमायचं!" म्हणालो आणि पुन्हा चार बोटं धरली.

"अहो, हे काय चालवलंय!" साहेब ओरडले.

मामांची शिकवण अशी, की समोरचा ओरडला म्हणजे सौदा जवळ आला. मी पकड आणखी आवळली. साहेबांनी जोरात हिसका दिला आणि माझ्या मुठीत उरली फक्त दोन बोटं. वीस! बाप रे, भाव पडत चालला!  आणखी एक हिसका बसला की दहावर येणार, नाहीतर हात पार सुटणार, आणि मग शनिवारी बाजार! मी डोळे मिटले, उपरणं झटकन उचललं आणि ओरडलो, "झाला सौदा! वीस!"

कारकून उभाच राहिला. "साहेब, यांना फीट आली वाटतं. कांदा आणू का?"

"फीट न्हाई, पगार ठरला!" मी म्हणालो, आणि सगळी रीत समजावून सांगितली.  साहेब असे हसले, असे हसले, की चष्मा काढून ठेवावा लागला.

"म्हणजे माझं बोट सुटलं, की तुमचा पगार उतरला?"

"व्हय, साहेब."

"आणि आता हा आकडा बदलायचा नाही?"

इथे तरी मी गप्प बसावं की नाही? पण छे! छाती फुगवून म्हणालो, "साहेब, शब्द म्हंजी शब्द. आमच्या घराण्यात सौदा फिरवत न्हाईत!"

"वा! खरेदी खात्याला असाच माणूस हवा. घ्या लिहून, वीस रुपये."

कारकून चाचरत म्हणाला, "पण साहेब, या जागेला पस्तीस मंजूर आहेत."

पस्तीस! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"ठाऊक आहे मला," साहेब डोळे पुसत म्हणाले. "पण त्यांच्या घराण्याचा शब्द मोडणारा मी कोण? वर्षभराने पुन्हा या म्हणावं उपरणं घेऊन!"

तरी सांगतो, बाहेर आलो तो जवळजवळ उड्या मारतच. पस्तीस नाही तर नाही, शिंगं तर चुकली!

"मामा, लागली! नोकरी लागली!"

"आरं वा रं पठ्ठ्या! कितीवर?"

मी सगळं इत्थंभूत सांगितलं. मामांनी विडी विझवली. माझ्या खांद्यावरचं उपरणं काढून घेतलं, झटकलं, घडी करून स्वतःच्या काखेत मारलं. 

"सदा," ते म्हणाले, "चाळीस वर्सं बाजारात काडली. लबाड दलाल बगितलं, रडकं गिऱ्हाईक बगितलं. पर बैलानं सोता उबं ऱ्हाऊन सोताचाच भाव पाडल्याला, आज पयल्यांदा बगितला!"