काठीसाठी वाचलेला कलमा

खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. लढाईचे दिवस होते. इराकमधून रॉकेट येतात, त्यात जहर असतं, असं सगळे बोलायचे. सौदीत अल खर्जला कफीलच्या बंगल्यावर मी ड्रायव्हर, माझी जैबू स्वयंपाकाला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या मुलखात राहत होतो तो मालक. त्याच्या घरात माणशी एक मास्क आला. आम्हाला उरलेली पट्टी मिळाली.

मी स्टुलावर उभा, ती दाताने पट्टी तोडून देत होती. म्हणाली, "अवो, खिडकी बंद केलीत, पण दाराखालून अख्खा उंदीर जातो. जहराला काय उंदरापेक्षा जास्त जागा लागते?"

मी म्हटलं, "तू बोलत राहा, जहर भिऊन पळेल."

हसली.

मगरीबच्या नमाजानंतर धोक्याचा भोंगा वाजला. ती छाती धरून खाली बसली, ती उठलीच नाही. जहर नाही, काही नाही. रॉकेट लांब कुठंतरी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दफन केलं. तिथं कबरीवर नाव नसतं. उशाशी एक दगड, झालं. रांगेत सगळ्या सारख्या. परत आलो तर ओळखायची कशी? आमच्या रत्नागिरीकडे तिसऱ्या दिवशी जियारत करतात. कबरीवर पाणी शिंपडायचं, सबज्याचं रोप लावायचं, फातिहा वाचायची. सबजा तिथं कुठला? बंगल्यातली एक जुनी लादी घेतली, खिळ्याने तिच्यावर नाव कोरलं. जैबुन्निसा. मी तिसरी पास. कुराण वाचतो, पण अरबी लिहिता येत नाही. हाताला मराठीच येते. मराठीत कोरलं.

तीच चूक.

तिसऱ्या दिवशी जाऊन लादी उशाशी रोवली, फातिहाला हात उचलले, तेवढ्यात पाठीत काठी बसली. मुतव्वा. म्हणजे लोक दीन-धर्म पाळतात की नाही ते बघायला सरकारने पगारावर ठेवलेला माणूस.

"एश हादा?" हे काय?

मी म्हटलं, बायकोचं नाव. त्याने ती अक्षरं बघितली. त्याला वाटलं, कुठल्या देवाचं काहीतरी.

"हिंदू?"

"मुस्लिम."

इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मागितला. तो गाडीत राहिलेला. मग म्हणाला, कलमा वाच.

कबर खणणारे दोघे पठाण फावडी धरून बघत होते. मी वाचला. म्हणाला, मोठ्याने. मोठ्याने वाचला. परत. तिसऱ्यांदा जीभ अडखळली तर खांद्यावर काठी. मग लाथेने लादी फोडली. गाडीतून हिरव्या पुठ्ठ्याचा, मुसलमानाचा इकामा आणून दाखवला, तर म्हणाला, "खलास. यल्ला." संपलं, चल नीघ.

त्याचं झालं खलास. माझं नाही. पन्नाशीचा होतो मी. आईने मांडीवर घेऊन शिकवलेला कलमा. त्या दिवशी पहिल्यांदा तो मी अल्लासाठी नाही, काठीसाठी वाचला. तेही माझ्या बायकोच्या उशाशी.

परतताना रस्त्यावर अमेरिकन सैनिकांच्या गाड्या. संपत नव्हत्या. राजाला ते परधर्मी सैनिक हवे होते, तेव्हा मौलवींना किताबात परवानगी सापडली. माझ्या बायकोच्या नावाला नाही सापडली. मी अडाणी, पण त्या रस्त्यावर एवढं कळलं. दीन सरकारच्या हातात गेला की राजापुढे वाकतो आणि माझ्यासारख्याला वाकवतो. लोक म्हणतात, मुसलमानांचा मुलूख आहे, तिथं दीन आणि सरकार कशाला वेगळं? तिथं तर आधी वेगळं करा. तिथं मारणाराही कलमा वाचतो आणि मार खाणाराही.

त्या संध्याकाळी रॉकेट जवळ पडलं. आसपासच्या घरांच्या काचा गेल्या.

सकाळी मी गाडी धूत होतो. कफील मुतव्व्याला घेऊन आला. इकाम्यावरच्या कफीलच्या नावावरून त्याने बंगला शोधला होता. मुतव्व्याचे डोळे सुजलेले. काठी काखेत.

"सामिह्नी," म्हणाला. मला माफ कर.

माणसाने माणसावर केलेला जुलूम अल्ला परस्पर माफ करत नाही. ज्याच्यावर झाला त्याने करायचा. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मरण दिसलं तसा दारात आला.

कफील म्हणाला, "बोलो, माफ किया. दो लफ्ज. क्या जाता है तेरा?"

मुतव्वा माझं डोकं चुंबायला पुढे झाला. तिकडे माफी अशी मागतात. मी मागे सरलो.

म्हटलं, "ही काठी सरकारला परत देऊन ये. पगार सोडून ये. मग अल्लाचा बंदा म्हणून माग. तरी देईनच असं नाही."

कफीलने अरबीत सांगितलं. मुतव्व्याने काठी अजून घट्ट धरली.

"तुझा व्हिसा माझ्या हातात आहे," कफील म्हणाला.

"मग परतीचा शिक्का मारा."

मुतव्वा हलेना. मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "माफी नाही. कयामतीला तुझी गचांडी धरायला मी उभा असेन. तिथं तुझं सरकार नसेल."

एवढं कफीलने अरबीत केलं नाही. मग मला येत होत्या तेवढ्या मोडक्या अरबीत मीच केलं.