मशक आणि दाभण

हवालदारसाहेबांच्या मशकबाजात मोहाची दारू असते अशा समजुतीनं मी त्यांच्या मशकीला दाभणानं भोक पाडलं. तेही कार्यक्रमाला जेमतेम तास उरला असताना.

आता हे का केलं ते सांगतो. त्यानं मूर्खपणा कमी होणार नाही, पण निदान रांगेला लागेल.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत मी नुकताच कायम झालो होतो आणि फावल्या वेळात पेटी बडवत होतो. अजनीच्या रेल्वे कॉलनीत एक निवृत्त गार्डसाहेब राहत. बाप रेल्वेतलाच, आई आयर्लंडची. आईकडून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या, निळे डोळे आणि फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण ते उभ्यानं आणि बुटानं फरशी ठोकत वाजवायचे. दर रविवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यात आम्ही चौघं जमायचो. गार्डसाहेब, मी, कामठीचे एक हवालदारसाहेब आणि उमरेडचा एक विणकर. हवालदारसाहेबांनी पलटणीत बॅगपाइप वाजवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर ते तोच बाजा लग्नांतून वाजवत, आणि लग्नातले लोक त्याला मशकबाजा म्हणत. विणकर खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, डफ वाजवणारा. गार्डसाहेबांची पहिली आयरिश चाल ऐकली तेव्हा त्यानं सहा मात्रा बोटांवर मोजल्या आणि म्हणाला, "हा त आमचाच दादरा हाय. इतक्या दूर कसा गेला गा?" त्या दिवसापासून आमचं जमलं. अशा मिसळीला आता काही भारदस्त नाव असेल. तेव्हा कॉलनीतले लोक तिला कटकट म्हणत.

माझं मात्र जमलं नाही. मशकबाजाचा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत कुठंतरी अडकलेला असतो. पेटीला ती फटच नाही. मी काळी पाच दाबली की बाजा वर, पांढरी दाबली की बाजा खाली. तीन रविवार हे सोसून हवालदारसाहेबांनी माझ्या हातात मंजिरी दिली. "बाबू, तुम्ही हे वाजवा. ह्याच्यात सूर नसतो." चार पट्ट्यांतून वाजवणाऱ्या माणसाला मंजिरी! तेव्हापासून मी त्या माणसावर नजर ठेवली.

आणि नजर ठेवली की दिसायला लागतंच. भर मे महिन्यात हवालदारसाहेब ती मशक शालीत गुंडाळून सायकलवर आणायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आल्या आल्या एकटेच मागच्या नळाजवळ जायचे आणि दहा मिनिटांनी परतायचे तेव्हा तोंड लालबुंद. एकदा मी पेरूच्या झाडाआडून पाहिलं. ते बाटलीतून काहीतरी काळपट, दाट मशकीत ओतत होते, मग ती कवटाळून चोळत होते. आतून डुबुक डुबुक आवाज. वाऱ्यावर गोडसर, आंबूस वास. भरीला, उमरेडचा विणकर दर वेळी फडक्यात गुळाचा खडा आणून गुपचूप हवालदारसाहेबांच्या हाती द्यायचा. गार्डसाहेबांचं नाक तर बाराही महिने तांबडं.

गूळ एकाचा, कातडी पिशवी दुसऱ्याची, नाक तिसऱ्याचं. हिशेब जुळला. त्या काळी मोहाची दारू ट्यूबमधून, फुग्यांतून, कशाकशातून शहरात यायची. मग मशकीतून का नाही? आणि धाड पडली तर पकडला जाणार कोण? नुकताच कायम झालेला, हातात मंजिरी घेतलेला मी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग जाऊच नका ना तिथं."

"आधी खात्री करतो."

"त्याइले विचारून घ्या ना सरळ."

"चोराला कुणी विचारतं का?"

"मले वाटलं ते तुमचे दोस्त आहेत," असं म्हणून ती गोधडी टाचायला बसली. ते दाभण तिच्याच डब्यातलं.

मधल्या काळात गार्डसाहेबांचं ऑस्ट्रेलियाला लेकीकडं कायमचं जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांना एकच हवं होतं. आई घरात एक चाल गुणगुणायची. ती बॅगपाइपची चाल आहे, फिडलवर तिचा अर्धाच जीव येतो, असं ती म्हणे. "बाबू, एक बार पूरा सुनना है. लोगों के सामने," ते मला म्हणाले. रेल्वेच्या लोकांचा एक हॉल मिळाला. रविवार, संध्याकाळी पाच. हवालदारसाहेबांनी महिनाभर ती चाल घोटली.

त्या रविवारी चार वाजता मशक हॉलच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली, बाकीचे बाहेर चहा घेत होते. मी आत शिरलो आणि मखमली खोळीवरूनच दाभण खुपसलं. दारूची धार लागेल म्हणून खाली पेला धरला होता. धार नाही. दाभणाच्या टोकाला एक चिकट थेंब. चाटला. गूळ. खात्रीसाठी पुन्हा चाटला. गूळच.

तरीही संशय जाईना. बाहेर येऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हवालदारसाहेब, मशकीत काय भरता हो तुम्ही?"

"गुळाचा पाक. ग्लिसरीन टाकून," ते बशीतून चहा ओढत म्हणाले. "चामडं कोरडं पडलं की हवा सोडते. पाकानं शिवण बंद राहते. म्हणून तर उन्हात शाल लागते. विणकरभाऊ चांगला गूळ आणून देतात."

"मग लपून का भरता?"

"लपून? नळ तिकडंच आहे, बाबू."

मी खिशातलं दाभण आणखी खाली ढकललं. वाटलं, भोक एवढंसं, चामडं मिटून येईल.

पाच वाजता हॉल भरला. फिडल निघालं, डफ निघाला, मी मंजिरी किणकिणवली. मग हवालदारसाहेबांनी मशक फुगवून काखेत दाबली. सूर लागला, दोन श्वास टिकला आणि बकरीसारखा बें करत खाली बसला. पुन्हा फुगवली, पुन्हा बें. मागच्या बाकांवर कुणी हसलं. गार्डसाहेबांनी गज खाली घेतला आणि बुटांकडं पाहत राहिले. बूट ठोकायचा थांबला होता.

हवालदारसाहेब मशक चाचपत होते. "कुठून जाऊन राहिली हवा?"

"खालून," मी म्हणालो. "शिवणीपासून चार बोटं डावीकडं."

विणकर डफावरचा हात तसाच ठेवून माझ्याकडं वळला. "तुले कसं ठाऊक गा?"

"मीच पाडलं. मला वाटलं, दारू आहे."

हवालदारसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोळ उतरवली, माझं बोट धरलं, पाकात बुडवल्यासारखं त्या भोकावर चिकटवलं आणि म्हणाले, "आता हलायचं नाही."

मग पुढची सगळी चाल मी त्यांच्या काखेखाली कंबरेत वाकून, मान तिरपी करून उभा होतो. ते दम घेत तेव्हा मशक फुगून माझ्या गालाला लागायची. सूर कोसळला नाही. गार्डसाहेब आधी वाजवत होते, मग त्यांनी फिडल खाली ठेवलं आणि नुसते ऐकत राहिले. डोळे मिटलेले, बूट फरशीवर.

संपल्यावर ते हवालदारसाहेबांना बिलगले. मधे मी होतोच, बोट अजून काढलं नव्हतं. कुणी काढ म्हणालंच नव्हतं.

विणकरानं डफ गवसणीत घातला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाबू, इतक्या दिसांत आज पयल्यांदा तुहं बोट बरोबर जागी पडलं."