तिसरी हाक

कोल्हापुरात रेडिओ दुरुस्त करणारा लालासाब पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही. गिऱ्हाइकं कावायची, "बहिरा झालास काय रं?" तरी तिसऱ्या हाकेशिवाय गड्याची मान वर व्हायची नाही.

त्याच्या गावाकडं, मुरगूडला, आया पोरांना सांगायच्याच, तिन्हीसांजेला शिवारातून हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच बोलावतं, तिसऱ्यांदा बोलावतं ते माणूस. बाकीची पोरं मोठी होऊन ते विसरली. लालासाब विसरला नाही. नऊ वर्षांचा असताना उसापलीकडून "लाला!" अशी एकच हाक आली, आणि तो पाय लावून घराकडं पळाला. सकाळी थोरला भाऊ विहिरीत सापडला. हाक भावाची होती की भावाला नेणाऱ्याची, ते त्याला आजवर कळलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत शेजारचा शिंपी कृष्णात पेपर घेऊन आला. तीनदा हाक मारून म्हणाला, "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओवरनं चांदण्यांकडं सांगावा धाडलाय. तिथं कोण असलं तर ओ देईल म्हनं."

"कुणाला इचारून?" लालासाब खवळला. "अंधारात कोण बसलंय ठावं न्हाय, आन ह्ये आपलं घर दावत्यात व्हय?"

समोरच्या उघड्या रेडिओतून नुसती खरखर येत होती. तिच्याकडं बघत त्यानं हळू आवाजात विचारलं, "किती बार हाक मारली?"

"एकदाच."

लालासाबनं रेडिओ बंद केला.

"मग तिथंबी एखादं पोरगं," तो म्हणाला, "घराकडं पळत सुटलं असंल."