सोनटक्क्याच्या वाटणीचं पाणी

सोनटक्क्याला बुडाशी सदा ओल लागते, आणि आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तरी मी तो लावला. काय करणार? सिल्लोडचं घर भावानं विकलं, आई कायमची माझ्याकडं आली, ती कपड्यांच्या पिशवीत चार कंद फडक्यात बांधूनच. तिथं न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनं तो वर्षानुवर्षं फुलवला होता. तिच्या संसारातलं एवढंच उरलेलं. नाय कसं म्हणू?

गॅलरीतल्या मोठ्या टबात कंद लावले. पाण्यासाठी मी लई शहाणपणा केला. स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून रोज टबात ओतलं. पानांच्या कडा जळायला लागल्या. मला वाटलं तहान आहे, म्हणून आणखी ओतलं. शेवटी नर्सरीवाल्याला बोलावलं. त्यानं मातीवरचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवला. त्या पाण्यात सगळा क्षार असतो म्हणे, आणि तोच मी इतके दिवस घालत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग पिण्याच्या जारमधून रोज दोन तांबे टबाला. नवरा कुरकुरला, माणसांना पुरेना आणि झाडाला कुठलं? त्याचंही खरंच होतं. आई दाराशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

त्यानंतर झाड तरारलं. नवे कोंब आले, मी शेजारीपाजारी मिरवलं. आणि ऐन उन्हाळ्यात आई चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच खेकसले, म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का, किडनीवर आलंय. मी भांडायला उठले. तिच्या उशाशी रोज भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी रिकामा होतो, मी स्वतः बघते! बोलता बोलता टबातले नवे कोंब डोळ्यांपुढं आले. तो तांब्या कुठं रिकामा होत होता, ते मला तेव्हा कळलं.

सलाईन लावलेल्या आईवर मी वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडले. तिनं शांतपणे माझ्याकडं बघितलं.

"मला काय फुलायचंय आता?"

आईला घरी आणताच संतापानं मी तो टब खालच्या शेजारणीला देऊन टाकला. याचं काहीही कर, म्हणाले. तेव्हापासून आईनं पाणीच सोडलं. पेला तोंडाशी धरला की ओठ घट्ट मिटते. पाया पडले, रडले, शपथा घातल्या. पाणी पोटात गेलं नाही तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आज हरले आणि टब परत मागायला खाली गेले. शेजारणीनं कंद उपटून घंटागाडीत दिले होते. टबात कोथिंबीर पेरली होती.

वर आले. टब उद्या येतो, असं आईला सांगितलं. तिनं माझ्या हातातून पेला घेतला आणि अख्खा प्याली.

उद्या मी तिला काय दाखवू?